दुखत नाही, भरून आलंय

माझी बायको पहाडगंजच्या मराठी शाळेत मराठी शिकवायची. दिल्लीत वाढणाऱ्या मुलांना मराठी शिकवणं ही काय चीज आहे, हे मी तिच्या तोंडून जन्मभर ऐकलं. चहाचा कप हातात आला की तिचं सुरू व्हायचं. "अहो, आपल्याकडे एका दुखण्याला किती शब्द! डोकं ठणकतं, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, गळू ठसठसतं, जखम चुरचुरते. आणि ही पोरं सगळ्याला म्हणणार, मॅडम, दर्द होतोय." मग ती वर्गात एकेका शब्दाचं नाटक करून घ्यायची. उसण भरलेला एखादा मुलगा कंबर धरून वर्गभर फिरायचा आणि बाकीचे हसून लोळायचे.

मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होतो. तरुणपणी पुण्याहून आलो आणि दोन-तीन वर्षांत परत जाऊ, असं म्हणत इथेच राहिलो. लक्ष्मीबाई नगरात दुसऱ्या मजल्यावर आमचं सरकारी क्वार्टर होतं. मुलगी शिकली, नोकरीला लागली आणि ऑफिसजवळ म्हणून गुडगावला मैत्रिणींबरोबर राहायला गेली. घरात आम्ही दोघंच उरलो.

आमच्यापैकी कुणाला हार्ट अटॅक येणार असेल तर तो मला, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पोट माझं सुटलेलं, सिगारेट मी सोडलेली पण उशिरा सोडलेली, चिडायचो मी. तिचं सगळं लक्ष माझ्या ताटावर असायचं. माझ्या पोळीवरचं तूप तिने कधीच बंद केलं होतं. तिच्या वडिलांना साठीच्या आत अटॅक येऊन ते गेले होते, पण त्यावरूनही तिने भीती घेतली ती माझ्यासाठीच. बाई सडसडीत होती, दिवसभर उभी राहून शिकवायची, मेट्रोचे जिने चढायची. तिला काय होणार?

त्या हिवाळ्यात ती थकायला लागली. बाजारातून भाजी घेऊन आलो की पहिल्या मजल्यावर जिन्यातच बसायची. "तुम्ही व्हा पुढे, मी येते." थंडीत दिल्लीच्या हवेत सगळ्यांनाच दम लागतो. आमच्या ऑफिसात तर कोण किती खोकतंय यावरच गप्पा चालायच्या. त्यामुळे तिच्या दमाचं कुणालाच काही वाटलं नाही, तिला स्वतःलाही नाही.

मग तिचा जबडा दुखायला लागला. डावीकडचा, खालचा. सकाळी मेट्रोकडे भराभरा चालताना दुखायचा आणि गाडीत बसायला मिळालं की थांबायचा. आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांना एक जुनी दाढ किडलेली सापडली, ती त्यांनी भरून दिली. जबडा तरी दुखतच राहिला. भरलेलं सुकायला वेळ लागत असेल, असं आम्हीच आमचं ठरवून टाकलं.

पुढे हृदयरोगाच्या डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चलने से दुखे और बैठने से रुक जाए, ऐसा कोई दाँत नहीं होता." चालताना हृदयाचं काम वाढतं, त्याला रक्त जास्त लागतं आणि नळी अरुंद झालेली असेल तर ते पोहोचत नाही. हृदयाच्या आणि जबड्याच्या नसा मेंदूकडे एकाच वाटेने जातात, म्हणून दुखणं एकीकडचं आणि कळतं दुसरीकडे. कुणाला खांद्यात, कुणाला पाठीत, कुणाला नुसतीच मळमळ. बायकांमध्ये असं आडवळणाने येणं बरंच दिसतं, असं त्या म्हणाल्या. हे आम्हाला नंतर कळलं. नंतर सगळंच कळतं.

जानेवारीतला कामाचा दिवस होता. सातवीच्या वर्गात ती श्रुतलेखन घालत होती. वाक्य अर्ध्यावर असताना थांबली आणि टेबलाला धरून खाली बसली. मुलांना वाटलं, मॅडमचं पुन्हा काहीतरी नाटक आहे. एकदोघं हसलीसुद्धा. मग पहिल्या बाकावरची मुलगी रडत मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे पळाली.

मला फोन आला. "घाबरू नका, पण लगेच या." मी पोहोचलो तेव्हा शाळेतल्या दोघीतिघींनी तिला जवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं होतं. कॉटवर पडली होती. चेहरा राखेसारखा. मला बघून कसंनुसं हसली. "वर्ग तसाच टाकून आले."

तिथले डॉक्टर मध्यमवयीन होते, बोलायला चांगले होते. त्यांनी विचारलं, "सीने में दर्द है?"

ती लगेच उत्तर देईना. मी तिला ओळखत होतो. शब्द बरोबर आहे का, हे ती तपासत होती. मग म्हणाली, "दर्द नहीं है."

"फिर क्या हो रहा है?"

"भरा-भरा सा..." तिने माझ्याकडे पाहिलं. "अहो, छाती भरून आलीय, हे हिंदीत कसं सांगायचं?"

मी म्हणालो, "भारीपन."

"अच्छा, भारीपन. सुबह खाया क्या था?"

सकाळी तिने मटारची उसळ खाल्ली होती. डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांनी रक्तदाब घेतला, छाती तपासली, ईसीजी काढला. ईसीजीत विशेष काही नव्हतं. तो कागद त्यांनी मलाही दाखवला, रेषा एकसारख्या होत्या. गॅस आहे म्हणाले, एक इंजेक्शन दिलं आणि घरी जाऊन आराम करायला सांगितलं. पहिला ईसीजी साधा दिसला तरी अटॅक नाही असं होत नाही, तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायचा असतो, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का ते सांगणारी रक्ताची चाचणी करायची असते. त्या दुपारी त्या खोलीत हे कुणीच बोललं नाही. आम्हाला तर हायसं वाटलं. गॅससारखं चांगलं निदान नाही.

टॅक्सीने घरी आलो. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती बसली. घरात येऊन खुर्चीत टेकली ती उठेचना. मी चहा केला, तिने घेतला नाही. मुलीला फोन करू का म्हटलं, तर म्हणाली, "मीटिंगमध्ये असेल, उगीच नको." मध्येच तिला उलटी झाली. आता गॅस मोकळा होईल, असं मला वाटलं.

दिवस कलला तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावला. थंडगार आणि ओलं होतं. जानेवारीत, स्वेटर घालून, तिचं ब्लाउज घामाने भिजलं होतं.

"कुठे दुखतंय तुला? नीट सांग."

"दुखत नाही हो. भरून आलंय. इथपासून इथपर्यंत." तिने दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला. मग अगदी हळू म्हणाली, "मी जाणार असं वाटतंय मला."

ती असलं कधी बोलायची नाही. घरात कुणी मरणाचं बोललं तर ती रागवायची. मी खाली धावलो. पहिल्या मजल्यावर एक मल्याळी गृहस्थ राहायचे, दुसऱ्या एका मंत्रालयात होते, त्या दिवशी रजेवर होते. ते बनियनवरच बाहेर आले. आम्ही दोघांनी तिला खुर्चीसकट खाली उतरवलं आणि त्यांच्या गाडीत घातलं. रिंग रोडवर ऑफिसं सुटल्याची गर्दी होती. त्यांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही, आणि सबंध रस्ताभर ते त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होते. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी तिला विचारत होतो, "ऐकतेयस ना?" ती फक्त बोट हलवत होती.

मोठ्या रुग्णालयात त्यांनी तिला आत घेऊन ईसीजी काढला. एका तरुण डॉक्टरने तो कागद यंत्रातून बाहेर येता येताच पाहिला आणि तो हातात धरून पळत गेला. डॉक्टरला पळताना पाहिलं की माणसाला आणखी काही विचारावं लागत नाही. तिला गोळ्या चावायला दिल्या. माझ्या सह्या घेतल्या. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन बंद पडलेला रस्ता उघडतात, त्या खोलीत तिला नेलं. दार बंद झालं. शेजारी माझ्याजवळ बसून राहिले. आपण चप्पल न घालताच आलोय, हे त्यांना तिथे बसल्यावर दिसलं.

मुलगी गुडगावहून पोहोचली, त्याच सुमाराला डॉक्टरबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, डोळ्यांखाली काळं. म्हणाल्या, "नली खुल गई है. स्टेंट डाल दिया है." मुलगी रडायला लागली, आनंदाने. डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, "लेकिन देर बहुत हुई है."

त्या देरचा अर्थ त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितला. हृदय सगळ्या शरीराला रक्त देतं, पण त्याला स्वतःला रक्त मिळतं ते बाहेरून गेलेल्या बारीक नळ्यांमधून. त्या नळ्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साचत असते. एखाद्या दिवशी त्या साचलेल्या ढिगावरची साल फाटते. शरीराला वाटतं, जखम झाली. जखम झाली की रक्त गोठवायचं, एवढंच त्याला ठाऊक. तेच ते इमानदारीने करतं, आणि त्या गुठळीने नळी बंद होते. पुढचा स्नायू रक्तावाचून मरायला लागतो. सगळा एकदम मरत नाही, जसा वेळ जाईल तसा मरत जातो. शाळेत ती टेबलाला धरून बसली तेव्हा ते सुरू झालं होतं आणि आम्ही रिंग रोडवर होतो तेव्हाही चालू होतं.

"मेलेला भाग पुन्हा बरा होतो?" मी विचारलं.

"नहीं. वहाँ दाग़ बन जाता है. दाग़ धड़कता नहीं है."

तिची समोरची मुख्य नळी बंद झाली होती. हृदयाचा डावा मोठा भाग तिच्यावरच पोसलेला असतो. निम्म्याहून बरंच कमी काम करणारं हृदय घेऊन ती घरी येणार होती.

हे तिला कुणी सांगायचं, यावर माझी नि मुलीची कुजबुज चालली होती. तिनेच तो प्रश्न सोडवला. राउंडला आलेल्या डॉक्टरबाईंना तिने सरळ विचारलं, "डॉक्टर साहब, उस दिन दोपहर में ही पता चल जाता तो?"

मी त्यांच्याकडे पाहून, सांगू नका, अशी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. "तो दिल का बहुत हिस्सा बच जाता," म्हणाल्या.

बायकोने डोळे मिटले. म्हणाली, "थँक यू." मग मला म्हणाली, "आता हा विषय पुन्हा नको. त्या डॉक्टरकडे जाऊन भांडायचं नाही. मी दर्द नाही म्हटलं, ते खरंच होतं." मी भांडायला गेलो नाही. मुलगी गेली होती. त्या डॉक्टरांनी तिचं ऐकून घेतलं आणि तिला पाणी विचारलं, एवढंच तिने येऊन सांगितलं.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे आशेचे होते. लोक भेटायला यायचे आणि त्यांच्या ओळखीतल्या कुणाकुणाच्या गोष्टी सांगायचे. अमक्याला स्टेंट घातला, आता तो रोज पळतो. तमक्याचं बायपास झालं, तो चारधाम करून आला. ती ऐकून घ्यायची. माणसांना हार्ट अटॅक म्हणजे एकच गोष्ट वाटते. नळी वेळेवर उघडली गेली तर माणूस खरंच पळू शकतो. तिचं तसं झालं नव्हतं.

मीठ जवळजवळ बंद झालं. पाणी मोजून. सकाळी उठल्याबरोबर वजन, कारण अशक्त हृदयाच्या माणसाचं वजन एकाएकी वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असतं. मी तिच्याबरोबर बिनमिठाची आमटी खायला लागलो, तर तिने माझ्यापुढे मिठाची बरणी आणून आदळली. "दोघांनी कशाला बेचव खायचं?"

उन्हाळ्याच्या सुटीनंतर ती शाळेत परत गेली. मुख्याध्यापिकांनी तिचा वर्ग खालच्या मजल्यावर आणला, खुर्चीत बसून शिकवा म्हणाल्या. मी टॅक्सी लावून दिली. पण शिकवणं हे हृदयाचं काम आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मोठ्याने वाचायला लागलं की वाक्याच्या मध्येच तिचा श्वास संपायचा. शेवटचे शब्द मुलांना ऐकू जायचे नाहीत. मुलं चांगली होती, कुणी हसलं नाही. सगळी पुढे वाकून ऐकायची. तेच तिला सोसेना.

पावसाळ्यातल्या एका दुपारी ती घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "देऊन आले राजीनामा."

"मला विचारायचंस तरी."

"काय विचारायचं? आज एक कविता पुरी म्हणता आली नाही मला."

त्यानंतर ती जिना क्वचितच उतरली. आधी घर होतं, मग दोन खोल्या, मग पलंग आणि त्याला लागून असलेली बाल्कनी. आडवं पडलं की छातीत पाणी चढायचं आणि खोकला सुटायचा. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. दिवाळीच्या सुमाराला हवा काळी झाली की रुग्णालयाची फेरी ठरलेली. पाणी उतरवायचं, चार दिवस ठेवायचं, घरी पाठवायचं. दर वेळी ती जाताना होती त्यापेक्षा थोडी कमी होऊन परत यायची.

अशा हृदयाचे ठोके एकाएकी भरकटू शकतात, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. "अटैक नल की बीमारी है, ये बिजली की है." ठोके भरकटले तर हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे जात नाही, आणि माणूस उभ्या उभ्या कोसळतो. त्यासाठी तिच्या डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत एक यंत्र बसवलं. ठोके बिघडले की ते आतून विजेचा झटका देऊन त्यांना ठिकाणावर आणणार होतं. मुलीला त्याचा फार आधार वाटला. "आई, आता तुझ्याबरोबर चोवीस तास डॉक्टर आहे, यार!" असं ती हसून म्हणाली होती.

तो झटका बाल्कनीत बसला. पुढल्या वर्षीच्या डिसेंबरातलं ऊन होतं, बऱ्याच दिवसांनी निघालेलं. ती खुर्चीत केस मोकळे सोडून बसली होती. मी समोर संत्रं सोलत होतो. बोलता बोलता ती खुर्चीतून वर उडाली. खरंच उडाली, आणि ओरडली. मी तिला धरेपर्यंत दुसरा बसला, मग तिसरा. मधल्या क्षणी ती माझ्याकडे बघून विचारत होती, "कोण मारतंय मला? अहो, कोण मारतंय?"

यंत्राने तिचा जीव वाचवला. रुग्णालयात सगळ्यांनी तसंच सांगितलं आणि ते खरंच होतं. पण त्या दिवसापासून ती स्वतःच्या अंगाला घाबरायला लागली. बाल्कनीत जाईना. केस विंचरायला हात वर करीना. मी जवळ बसलो तर सरकायची. "तुम्हाला लागेल," म्हणायची. काही लागत नाही, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं. तरी आमची इतक्या वर्षांची सवय, झोपताना तिच्या हातावर हात ठेवायची, ती तिने बंद केली.

मुलगी हार मानायला तयार नव्हती. तिने कुठून कुठून वाचून काढलं आणि एक दिवस डॉक्टरबाईंना विचारलं, हृदय बदलता येणार नाही का? त्यांनी टाळलं नाही. तपासण्या झाल्या. काही आठवडे घरात पुन्हा काहीतरी पेटल्यासारखं झालं. मुलगी रोज गुडगावहून यायला लागली, बायको थोडं जेवायला लागली. एकदा तर ती मला म्हणाली, "दुसऱ्याचं हृदय आलं तर त्याला मराठी येईल का हो?" आणि आम्ही तिघंही हसलो. मग निकाल आले. कमी रक्तावर चालून चालून मूत्रपिंडं निकामी होत आली होती. फुप्फुसांवर दाब चढला होता. ती त्या शस्त्रक्रियेतून उठणार नाही, म्हणून तिचं नाव यादीत घेता येणार नाही.

मुलगी रुग्णालयाच्या आवारात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "बाबा, मी आईला काय सांगू?"

सांगायला लागलंच नाही. आमचे चेहरे बघून ती म्हणाली, "बरं झालं. माझ्यासाठी कुणाचं तरी मूल मरायची वाट बघत बसायची होती."

पुढच्या भेटीत तिने डॉक्टरबाईंना शेवटची एक गोष्ट विचारली. खुर्चीत बसलेली, बोटं सुजलेली, दोन शब्दांनंतर एक श्वास. "ये मशीन... बंद हो सकती है?"

"झटके बंद हो सकते हैं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोच लीजिए. फिर अगर धड़कन बिगड़ी, तो..."

"तो जाऊ दे मला." हे ती मराठीत म्हणाली, माझ्याकडे बघून. "मार खात जायचं नाहीये मला."

मुलगी उठून बाहेर गेली. मी तिच्या बाजूने मान डोलावली. डॉक्टरबाईंनी पुन्हा दोनदा तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं, आमच्याशी बोलल्या, आणि मग बाहेरूनच, छातीवर एक उपकरण धरून, झटके बंद केले. तिला काही कळलंसुद्धा नाही. "झालं?" असं विचारलं तिने. त्या संध्याकाळी तिने आपण होऊन माझा हात घेतला आणि तो आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. फेब्रुवारी संपत आला होता, हवा जरा निवळली होती. सकाळी तिने अर्धी वाटी खिमट खाल्लं. मी तिला पेपरातली कसलीशी बातमी वाचून दाखवत होतो, सरकारी कर्मचाऱ्यांच्या महागाई भत्त्याची. ती उशांना टेकून ऐकत होती. "मग? वाढला का?" असं तिने विचारलं. मी पुढची ओळ वाचली, मान वर केली, तर ती नव्हती. डोळे अर्धे उघडे होते. आवाज नाही, धडपड नाही. मी खालच्या शेजाऱ्यांना हाक मारली नाही, रुग्णवाहिका बोलावली नाही. तसं आमचं ठरलं होतं. मी पेपर बाजूला ठेवून बसलो आणि मग मुलीला फोन केला. तिने हॅलो न म्हणता विचारलं, "बाबा, आई?"

अंत्यसंस्काराआधी आणखी एक गोष्ट करावी लागते, ती आम्हाला कुणी सांगितली नव्हती. स्मशानातल्या माणसाने विचारलं, "अंदर कोई मशीन तो नहीं लगी?" ते यंत्र आगीत फुटतं. ते आधी काढून घ्यावं लागतं. म्हणून तिला घेऊन आम्ही पुन्हा त्याच रुग्णालयात गेलो. खांद्याखालची जुनी खूण उघडून त्यांनी ते काढलं, टाके घातले, वर पट्टी लावली. मेलेल्या माणसाला टाके किती नीट घालतात! मल्याळी शेजारी या वेळीही बरोबर होते. या वेळी त्यांनी हॉर्न वाजवला नाही.

शाळेने शोकसभा ठेवली. मी गेलो होतो. मुख्याध्यापिका बोलल्या, मुलांनी प्रार्थना म्हटली. एक मोठी मुलगी बोलायला उभी राहिली आणि तिला मराठी आठवेना. दोनदा सुरुवात केली, अडखळली आणि शेवटी हिंदीतच बोलली. चांगलं बोलली. मी शेवटपर्यंत बसलो नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो आणि क्वार्टर सोडलं. मुलगी तिच्याकडे चला म्हणत होती, पुण्याचे नातेवाईक तिकडे बोलावत होते. मी नोएडात एक छोटं घर भाड्याने घेतलं आहे, तळमजल्यावर. मला स्वतःला काही झालेलं नाही. मुलीच्या आग्रहाने सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने तुमचं हृदय उत्तम आहे, आणखी वीस वर्षं सहज काढाल. तो रिपोर्ट घेऊन मी बाहेर रस्त्यावर बराच वेळ उभा होतो.

मुलगी रोज ऑफिसातून सुटली की फोन करते. तिच्या मागे गुडगावची रहदारी ऐकू येत असते.

"बाबा, जेवलात? ठीक ना?"

"बिल्कुल ठीक," मी म्हणतो.

ती आणखी काही विचारत नाही. मीही सांगत नाही. फोन ठेवतो आणि दिवा लावायला उठतो.